सगुणदादाची सकाळ

परवा आमच्या शाळेत नव्याने लागलेली एक शिक्षिका प्रार्थना संपल्यावर आली. केस ओले, खांद्यावर दुधाचा डाग आणि पायांत दोन वेगवेगळ्या चपला. स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसून ती आवाज न करता रडली. घरी दीड वर्षाचं मूल, नवरा पहाटेच्या बसने कामाला जाणारा. मी तिच्यापुढे चहा आणि पाव ठेवला आणि म्हटलं, "आधी खाऊन घे." हे वाक्य माझं नव्हतं. डिचोलीला असताना ते मला सगुणदादाने सांगितलं होतं.

गोव्यात डिचोलीहून मयेला जाणाऱ्या रस्त्यावर आम्ही एक छोटं घर भाड्याने घेतलं होतं. आमच्या आणि सगुणदादाच्या अंगणांच्या मध्ये कमरेएवढा जांभ्या दगडांचा गडगा होता. मी मूळची पेडण्याची. लग्नानंतर डिचोलीच्या हायस्कुलात नोकरी लागली आणि माझा निहाल नऊ महिन्यांचा असताना मी कामावर रुजू झाले. नवरा वेर्ण्याच्या कारखान्यात. त्याची बस अंधार असतानाच सुटायची. त्यानंतर मी, निहाल आणि शाळेची घंटा एवढेच उरायचो.

रुजू झाल्यावर आठवडाही झाला नसेल. निहाल पाळण्यात टाहो फोडत होता, मी ओल्या कपड्यांच्या ढिगातून साडीचा परकर शोधत होते, आणि गॅसवर दूध आहे हे साफ विसरले होते. गडग्यापलीकडून आवाज आला, "टीचर, दूध लागलां." मी उत्तर देण्याआधीच एक उंच, काळासावळा माणूस कडेवरची पोर सांभाळत गडगा ओलांडून आला, सरळ स्वयंपाकघरात गेला आणि गॅस बंद केला. अर्धी चड्डी, खांद्यावर पंचा. त्याचा उजवा हात डाव्या हातापेक्षा चांगलाच काळा होता. ट्रक चालवताना वर्षानुवर्षं तो हात खिडकीवर टेकून उन्हात राहिलेला, हे मला नंतर कळलं.

माझ्या मुलाला त्याने उचललं नाही. आपल्या कडेवरची मुलगी, पियू, तेवढी पाळण्याजवळ बसवली. ती नुकती चालायला लागली होती. ती निहालकडे टक लावून बघत राहिली, आणि तोही तिच्याकडे बघता बघता रडायचा थांबला.

"पयलीं तुमी खा," सगुणदादा म्हणाला.

मी म्हटलं, वेळ नाही.

"टायम ना म्हणूनच खा. उपाशी आवय आसली म्हणजे पोर जास्त रडतां." आवय म्हणजे आई.

त्याने गडग्यापलीकडे हाक मारली. त्याच्या मोठ्या मुलीने, समीक्षाने, कपात चहा आणि एक उंडा आणून दिला. मी उभ्याउभ्या खायला लागले, तर त्याने खुर्ची पुढे सरकवली. मी बसले आणि चहात बुडवून तो कडक सालीचा पाव खाल्ला. त्या दिवशी निहालला पाळणाघरात सोडून शाळेत मी उशिराच पोचले, पण रडत पोचले नाही.

निघताना त्याने विचारलं, की संध्याकाळी शाळेतून आल्यावर मी काय करते. मी म्हटलं, काय करणार, दमून पडते. तो हसला. पडा, म्हणाला, पण पडण्याआधी सकाळ करून ठेवा. मला काही समजलं नाही. मग तोच म्हणाला, सांजेला घरी या, दाखवतो.

त्याची बायको शैला नर्स होती. मी तिथे राहायला येण्याच्या काही महिने आधी ती आखातातल्या एका इस्पितळात नोकरीला गेली होती. लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा डिचोलीत खनिज वाहणारे ट्रक घराघरांसमोर उभे राहिले, तसा सगुणदादाचाही फणसाखाली उभा राहिला. दोघांपैकी एकाला बाहेर पडणं भाग होतं, आणि जिच्या हाताला मागणी होती ती गेली. पियू तेव्हा रांगत होती. साईश बालवाडीत आणि समीक्षा दुसरीत. लोकांना वाटलं, सगुण मुलांना आजोळी नेऊन सोडील. त्याने ट्रकवर दोडकीचा वेल चढवला आणि स्वयंपाकघरात शिरला. पावसाळ्यात मी स्वतः त्या ट्रकच्या बॉनेटवरून दोडकी काढून नेली आहेत.

त्या संध्याकाळी मी गेले तेव्हा दिवेलागण व्हायची होती. घरात चौघेही उद्याचं काम करत होते. सगुणदादा विळीवर बसून नारळ खोवत होता. समीक्षा दप्तर भरून झाल्यावर साईशचे मोजे जोडीने गुंडाळत होती. भिंतीला तीन खिळे, पण इतके खाली, की मोठ्या माणसाला वाकावं लागावं. प्रत्येक खिळ्यावर एकेकाचा गणवेश, टॉवेल आणि टोपी. पियूच्या खिळ्यावर नुसतं लाळेरं होतं, तरी खिळा तिचा होता. पियूचं काम दारातल्या चपला जोडीजोडीने लावण्याचं. ती एक चप्पल उचलायची, तिच्याशी काहीतरी बोलायची, मग ठेवायची. या कामाला किती वेळ लागायचा ते विचारू नये. सगुणदादा तिला एकदाही घाई करत नसे, आणि तिची पाठ वळल्यावर चुकलेली जोडी सारखीही करत नसे. चुकलेल्या जोड्या तशाच राहायच्या आणि सकाळी ज्याची चप्पल त्याने शोधायची.

"सकाळ सांजेकच करून दवरची," तो मला म्हणाला. "सकाळी आमी फक्त उठपाचें."

तुळशीपुढे दिवा लावला की मात्र घरातलं काम बंद. दुकानाची फळी पडावी तसं. मग तो जमिनीवर उताणा पडायचा आणि तिन्ही मुलं त्याच्या अंगावर चढायची.

त्याची बोली म्हणजे आमच्या भागातली, अर्धी कोकणी, अर्धी मराठी, आणि तिच्यात खाणीवरचे शब्द. सकाळच्या कामांना तो खेपा म्हणायचा. पहिली खेप पाण्याची आणि चुलीची, दुसरी मुलांची, तिसरी स्वतःची. एका खेपेत दुसरी घालायची नाही, नाहीतर गाडी उलटते, असं त्याचं ठाम मत. म्हणून पाणी तापत असताना तो मुलांना उठवत नसे, आणि मुलांना न्हाऊ घालताना चुलीवर काही ठेवत नसे. मी एका हाताने भाजी ढवळत दुसऱ्या हाताने निहालला भरवते हे पाहून त्याला फार काळजी वाटायची.

मुलं शाळेत गेली, पियूची आंघोळ झाली, की तो सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, चहा घेऊन बसायचा. त्या एका कपापुरतं त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. पियूलाही ते ठाऊक होतं. ती त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून गप्प बसायची. सुट्टीच्या दिवशी तिघंही त्याच्या आजूबाजूला तशीच बसलेली मी पाहिली आहेत, कुणीतरी फोटो काढतंय असं वाटावं इतकी शांत. मी विचारलं तर म्हणाला, इंजीन थंड होऊ द्यावं लागतं, नाहीतर पुढच्या चढावाला दगा देतं.

समीक्षाची वेणी हा त्याच्या आयुष्यातला मोठा प्रश्न होता. शैलावहिनी गेल्यावर पहिले काही दिवस शेजारच्या बायका घालून देत. मग त्याने ट्रकची ताडपत्री बांधायचा दोर खिडकीला अडकवला आणि त्यावर सराव केला. शिकला, पण वेणी घालायचा ती ताडपत्री बांधल्यासारखीच. समीक्षाच्या भुवया वर ओढल्या जायच्या आणि बिचारी दिवसभर आश्चर्य वाटल्यासारखी दिसायची. ती वेणी दुसऱ्या दिवशीपर्यंत सुटत नसे. समीक्षा एकदा मला हळूच म्हणाली, "टीचर, दुखते. पण पप्पांना सांगू नको."

तिंट्यावर, म्हणजे बाजारात, लोक त्याला टोचायचे. मासळी घेताना एकदा मी मागेच होते. त्याच्याबरोबर खाणीवर ट्रक चालवलेला एक जण मोठ्याने म्हणाला, काय सगुण, स्वयंपाकघर कसं चाललंय. सगुणदादा बांगड्याचे कल्ले उघडून बघत होता. मान वर न करता म्हणाला, "बरें चल्लां. हांगा कोण ओव्हरटेक करिना." मासळीवाली इतकी हसली, की तिने त्याला दोन बांगडे जास्त घातले.

प्रत्येक मुलाचं एक काम असायचं आणि ते खरोखरीचं असायचं. साईशचं काम पोदेराकडून पाव घ्यायचं. सकाळी पोदेर सायकलचा भोंपू वाजवत यायचा, आणि कापडी पिशवी घेऊन फाटकाशी उभं राहायचं ते साईशने. एके दिवशी तो कशावरून तरी रुसला होता. भोंपू वाजला, परत वाजला, साईश जागचा हलला नाही. मी गडग्याकडून ओरडून सांगणार होते की मी घेते, पण सगुणदादाने हाताने मला थांबवलं. पोदेर निघून गेला. त्या सकाळी त्या घरात पाव नव्हता. सगुणदादाने चौघांना पेज आणि लोणचं वाढलं. रागावला नाही, टोमणा मारला नाही, त्या गोष्टीचा उल्लेखही केला नाही. समीक्षा बोलायला गेली तर तिलाही नजरेने गप्प केलं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत साईश पिशवी घेऊन फाटकावर बसला होता. पोदेर आल्यावर त्याने पाव मोजून घेतले आणि आत येऊन बापाच्या हातात पिशवी दिली. सगुणदादा म्हणाला, "बरें जालें तू आसा." एवढंच.

हे सगळं वाचून तो शिस्तीचा भोक्ता होता असं वाटेल. मलाही वाटायचं. मग एका पावसाळ्यात तिन्ही मुलांना एकदमच ताप आला. मी शाळेतून येऊन बघायला गेले तर ओळखीचं घर दिसेना. भांडी तशीच पडलेली, केर काढलेला नाही, गणवेश खिळ्यांवरून खाली आलेले. मधल्या खोलीत एका चटईवर चौघं आडवी. समीक्षा आणि साईश दोन्ही कुशींत, पियू छातीवर. तो त्यांना घाटात रात्रभर अडकलेल्या ट्रकची गोष्ट सांगत होता. मला बघून म्हणाला, "आज गाडी गॅरेजींत."

मी भांडी घासायला घेतली तर त्याने घासू दिली नाहीत. भांडी कुठे पळून जात नाहीत, म्हणाला, बसा आणि गोष्ट ऐका. थोड्या वेळाने शैलावहिनीचा व्हिडिओ कॉल आला. तो उठून सोप्यावर गेला आणि मोबाइल अगदी चेहऱ्याजवळ धरला, मागचं काही दिसू नये म्हणून. मुलं आज लवकर झोपली, त्याने सांगितलं. तिला ते पटलं नसावं, कारण ती बराच वेळ काहीतरी विचारत राहिली आणि तो बराच वेळ नुसता मान हलवत राहिला. कॉल संपल्यावर तो लगेच आत आला नाही. पावसाकडे पाठ करून उभा राहिला, पंच्याने तोंड पुसलं, आणि मग आत येऊन गोष्ट पुढे सुरू केली.

तो रोजचा कॉल मोठा अवघड असायचा. समीक्षा शाळेतलं सांगायची, साईश तोंड वेडावून दाखवायचा, आणि पियू मोबाइलच्या काचेला ओठ लावायची. पियूची आई मोबाइलमध्ये राहत होती. कुणी तिला विचारलं, आई कुठे, की ती मोबाइल आणून दाखवायची. लोक हसायचे. सगुणदादाही हसायचा, पण जरा उशिरा.

शैलावहिनी वर्षाने रजेवर यायची होती. तेवढ्यात साथ आली. विमानं थांबली, शाळा मोबाइलवर आल्या. दुसऱ्या वर्षी माणसं कमी म्हणून इस्पितळाने सोडलं नाही. ती कायमची म्हणून परत आली तेव्हा तीन वर्षं होत आली होती. नुकत्या शाळा नीट सुरू झाल्या होत्या आणि काजूचा हंगाम होता. दाबोळीला विमानतळावर आणायला सगळेच गेले. मुलांना त्याने न्हाऊमाखू घालून तयार केलं होतं. समीक्षाची वेणी त्या दिवशी जरा सैल घातली होती, हे मी पाहिलं.

गाडी परत आली तेव्हा मी ओवाळायला भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन दारात उभी होते. शैलावहिनी बारीक झाली होती. तिने पियूला घ्यायला हात पुढे केले आणि पियू बापाच्या पायांमागे गेली. शैलावहिनीने नाव घेऊन हाक मारली. पियूने बापाच्या खिशातून मोबाइल ओढून काढला आणि तो तिच्यापुढे धरून, काचेवर बोट ठेवून समजावून सांगितलं, "माझी आई हांगा आसा."

शैलावहिनी हसली आणि म्हणाली, बरोबर, तीच. मग बॅगा उचलायच्या निमित्ताने ती पाठमोरी झाली.

दुसऱ्या दिवशी ती पहाटेच उठली होती. तीन वर्षं ती परक्या माणसांचं सगळं करत होती, आता आपल्या माणसांचं करायचं म्हणून. पण त्या घरातली सकाळ आदल्या संध्याकाळीच होऊन गेलेली असायची. नारळ खोवलेला, गणवेश खिळ्यांवर, पावासाठीची पिशवी साईशच्या उशाशी. ती समीक्षाचा डबा भरायला गेली, तर समीक्षा अगदी अदबीने म्हणाली, "तू बस आई, आमचं झालं." ती बाहेर येऊन सोप्यावर बसली. पाहुण्याला देतात तसा साईशने तिला चहा आणून दिला.

असे चार-पाच दिवस गेले. एका दुपारी ती गडगा ओलांडून माझ्याकडे आली. निहालसाठी आणलेला खाऊ हातात होता, तो द्यायचं विसरून ती नुसती बसून राहिली. मग म्हणाली, "टीचर, माझ्याच घरात माका हात घालूक जागा ना."

तिचा नवरा वाईट असता तर मला बोलता आलं असतं. त्याने घर इतकं नीट चालवलं होतं, की तिच्यासाठी एकही सुटलेलं टोक उरलं नव्हतं. मी त्याला हे सांगावं की नाही यावर मी दोन दिवस विचार करत राहिले. सांगायची वेळ आली नाही.

कारण सगुणदादा बिघडायला लागला.

आधी एके सकाळी त्याला जागच आली नाही. मुलं धावपळ करत होती आणि तो पांघरूण घेऊन पडलेला. शैलावहिनीने डबे भरले. मग आमटीत दोनदा मीठ पडलं आणि नवा स्वयंपाक तिला करावा लागला. नारळ खोवायचा राहिला. मग त्याची कंबर धरली. हात वर होईनात, म्हणून वेणी शैलावहिनीने घातली. तिची सवय मोडली होती, वेणी वाकडी आली आणि मधल्या सुट्टीतच सुटली. समीक्षा मोकळे केस घेऊन घरी आली. मी अंगणात होते. म्हटलं, काय ग, आज काय झालं? ती केस मागे सारत म्हणाली, "आईने घातली होती. दुखली नाही." आणि आत जाऊन आईपुढे पाठ करून बसली, परत घाल म्हणून.

त्याच संध्याकाळी मी पाहिलं, कंबर धरलेला हा माणूस विहिरीतून भराभर पाणी ओढत होता. मला बघून त्याने दोर हळू केला.

दोघं मोठी मुलं आईकडे वळली. पियू वळेना. तिला भरवायला पप्पा, न्हाऊ घालायला पप्पा, झोपवायला पप्पा. शैलावहिनीने हात लावला की ती अंग ताठ करायची. आणि पियूच्या बाबतीत सगुणदादाला बिघडता येत नव्हतं. ती भूक लागली म्हणून आली की त्याच्याने तिला परत पाठववत नसे.

मग एके दिवशी त्याने सांगितलं की तो पेडण्याला भावाकडे जातोय, आठवडाभर. भावाचा काजूचा डोंगर आहे, माणसं मिळत नाहीत, बोंडू गळून वाया जातायत. तसा भाऊ दर वर्षी बोलवायचा आणि हा दर वर्षी जात नसे.

निघाला तेव्हा पियू आत खेळत होती. तो पिशवी घेऊन मागच्या दाराने बाहेर पडला, पण रस्त्याला न लागता आमच्या अंगणात आला आणि पायरीवर बसला. बस कधीची आहे विचारलं तर म्हणाला, आहे अजून. मी निहालला भरवत होते.

थोड्या वेळाने पलीकडून पियूची हाक आली. पप्पा. मग या खोलीतून त्या खोलीत, मग सोप्यावर, मग फाटकाशी. मग ती रडायला लागली. साधं रडणं नव्हतं ते. श्वास अडकत होता. शैलावहिनी तिला समजावत होती आणि ती आणखीच मोठ्याने ओरडत होती. सगुणदादा उठून गडग्यापाशी गेला. दोन्ही हात दगडांवर ठेवले. मला वाटलं, आता हा उडी मारून जाणार. माझ्याच्याने ते रडणं ऐकवत नव्हतं. मी म्हटलं, दादा, जा, पोर घुसमटेल.

त्याने मान हलवली. "आता मी भितर गेलो, तर शैला ह्या घरांत परत पावणी जातली."

तो परत येऊन बसला. पिशवी मांडीवर घेतली. आमच्याकडे दादाला कुणी अहो-जाहो करत नाही, पण त्या वेळी तो मला फार मोठा वाटला आणि फार एकटाही. निहालनेही खाणं थांबवून त्याच्याकडे बघितलं.

रडणं हळूहळू बसत गेलं. मध्येच उसळायचं, परत बसायचं. मग शैलावहिनीचा आवाज ऐकू येऊ लागला. ती गाणं म्हणत नव्हती की गोष्ट सांगत नव्हती. ती पियूला तिचंच सांगत होती, तू अशी झालीस, असा पाऊस होता, तुझी मूठ उघडत नव्हती, मी एकेक बोट सोडवून बघितलं. पियूने हुंदक्यातून काहीतरी विचारलं. शैलावहिनीने उत्तर दिलं. परत प्रश्न, परत उत्तर. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.

सगुणदादा उठला. "बस गेली आसतली," तो म्हणाला, "दुसरी मेळटली." आणि फाटकाकडून न जाता तो शेताच्या बांधावरून रस्त्याला गेला, घरातून दिसू नये म्हणून.

तो आठवडा त्या घरात कधी नव्हता एवढा गोंधळ होता. मुलं उशिरा शाळेत गेली. एका दिवशी पाव विसरला, एका दिवशी गणवेश ओलाच राहिला. शैलावहिनी गडग्यावरून मला विचारायची, ते मोठं पातेलं कुठे ठेवतो ग हा? मग मुलंच तिला दाखवायची, आणि तिला सापडलं नाही की हसायची. पियू पहिले दोन दिवस फाटकाशी बसली. तिसऱ्या दिवशी ती आईच्या पदराला धरून विहिरीपर्यंत गेलेली मी पाहिली.

सगुणदादा मला फोन करायचा, तिला नाही. एकच प्रश्न असायचा, पियू जेवली? ज्या दिवशी मी सांगितलं की जेवली, आणि आईच्या मांडीवरच झोपली, त्या दिवशी तो "बरें जालें" म्हणाला आणि फोन ठेवला.

परत आला तो बोंडूंची टोपली घेऊन. सगळ्या अंगाला काजूचा वास. पियू धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडली, खूप वेळ पडून राहिली, आणि मग खाली उतरून एक बोंडू उचलून आईला द्यायला आत गेली. तो ती गेली त्या दाराकडे बघत उभा राहिला. आनंद झाला होता. दुसरंही काहीतरी झालं होतं. त्याचं नाव मला ठाऊक नाही. आईबापांना ते कधी ना कधी होतंच.

पुढे शैलावहिनीला डिचोलीतच एका दवाखान्यात काम मिळालं. खाणीवरची काही कामं सुरू झाल्यावर सगुणदादा दुसऱ्याच्या ट्रकवर जायला लागला. त्याचा स्वतःचा ट्रक कधीच कुणीतरी विकत नेला होता. घरातल्या खेपा आता दोघांत वाटलेल्या. त्या पूर्वीइतक्या नीट कधीच झाल्या नाहीत.

दोन वर्षांपूर्वी माझी पेडण्याला बदली झाली. सामान भरलेला टेम्पो दारात उभा होता. आदल्या दिवशीच सगळ्यांचे निरोप घेऊन झाले होते. मी टेम्पोत चढता चढता पलीकडे बघितलं. त्यांच्याकडे ऐन सकाळ चालली होती. साईशची पाण्याची बाटली सापडत नव्हती. शैलावहिनी कामाची साडी नेसून घरभर शोधत होती, समीक्षा उशीर झाला म्हणून कुरकुरत होती, पियू खाटेखाली शिरून तिथूनच बातम्या देत होती. सगुणदादा खाकी शर्ट घालून, ट्रकची किल्ली खिशात टाकून सोप्यावर बसला होता. बाटली त्याच्या बाजूलाच, सोप्याच्या कडेला होती. मला टेम्पोतून दिसत होती, म्हणजे त्यालाही दिसत असणार.

शैलावहिनीने आतून विचारलं, बाहेर कुठे दिसते का.

तो "पळय गो तूंच", म्हणजे तूच बघ ग, म्हणाला, आणि दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून माडांच्या शेंड्यांकडे बघत बसून राहिला.